शालेय सुधारणा आणि मार्गदर्शकांचे प्रशिक्षण : केंद्रप्रमुख पदाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

शालेय सुधारणेची घोषणा शासनस्तरावर होते. तिची कसोटी मात्र वर्गात लागते. सिद्धांत, प्रात्यक्षिक व सराव यांच्या जोडीला प्रत्यक्ष वर्गात सातत्याने साहाय्य मिळाले, तरच नवे कौशल्य अध्यापनात रुजते, असे प्रतिपादन ब्रुस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात केले. महाराष्ट्रात हे साहाय्य प्रामुख्याने केंद्रप्रमुखाकडून अपेक्षित आहे. १९९० च्या दशकात निर्माण झालेल्या या पदाची त्या दृष्टीने चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दुहेरी भूमिका

शिक्षण परिषद घेणे, शाळाभेटी देणे व अध्यापनाविषयी मार्गदर्शन करणे ही केंद्रप्रमुखाची कर्तव्ये होत. त्याचबरोबर माहितीचे संकलन, योजनांची तपासणी आणि वरिष्ठांना अहवाल देणे हीही कामे त्याच्याकडेच आहेत. यातून कामाचा ताण वाढतो, हे उघड आहे. परंतु त्याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा आहे. तिसरीतील काही मुलांना अजून वाचता येत नाही, ही गोष्ट शिक्षक सहकाऱ्याला मोकळेपणाने सांगेल. ज्याचा शेरा अहवालात नोंदला जाणार आहे, त्याला सांगताना मात्र तो कचरतो. अडचण झाकली जाते आणि मूल मागेच राहते.

प्रशिक्षणातील उणीव

राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशा उतरंडीने दिले जाणारे प्रशिक्षण प्रत्येक पायरीवर विरळ होत जाते. त्यातही भर असतो तो आशयावर. पाठाचे निरीक्षण कसे करावे आणि पाठानंतर शिक्षकाशी कसे बोलावे, हे गौण ठरते. ‘मुलांचा सहभाग वाढवावा’ हा शेरा शिक्षकाच्या हाती काहीच देत नाही. ‘मागच्या रांगेतील चार मुलांना आज एकही प्रश्न विचारला गेला नाही, उद्या सुरुवात त्यांच्यापासून करून पाहू या का?’ हे वाक्य बरेच काही देते. असे वाक्य सुचण्यासाठी सराव लागतो आणि तो सराव हाच मार्गदर्शकाच्या प्रशिक्षणाचा गाभा असावयास हवा.

एक आक्षेप

अधिकाराशिवाय मार्गदर्शकाचे कोणी ऐकणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी प्रयोग विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, हे त्यास पोषक उदाहरण ठरते. अधिकारपद हा मुळातच अडसर नव्हे, एवढे त्यावरून मान्य करावे लागते. तथापि, अधिकारी असूनही शिक्षकांचा विश्वास संपादन करणे हा व्यक्तीचा गुण आहे. संपूर्ण राज्याची व्यवस्था त्यावर विसंबून राहू शकत नाही. तसेच अशा शाळा पाहून आलेल्या शिक्षकाला फरशीवरील आखणीचे अनुकरण सहज करता येते. त्यामागील विचार स्वतःच्या वर्गात उतरविताना मात्र सोबतीची गरज भासते.

समारोप

मार्गदर्शन व मूल्यमापन यांची फारकत करणे, निदान मार्गदर्शनपर भेटीतील नोंदी अहवालाबाहेर ठेवणे, ही पहिली आवश्यकता आहे. निरीक्षण व संवाद यांचा सराव ही दुसरी. तिच्या पूर्ततेत अध्यापक महाविद्यालयांना जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे सहकारी होता येईल. आपली अडचण निर्धास्तपणे सांगता येईल असा माणूस शिक्षकाला लाभला नाही, तर सुधारणा कागदावरच राहील.