‘डिट्टो’चा निळा रंग

‘पोकेमॉन’ ह्या जपानी खेळमालेतील ‘डिट्टो’ हा प्राणी समोर येईल त्याचे रूप धारण करतो. मराठीत ‘अगदी डिट्टो’ म्हणताना अभिप्रेत असते ते हेच. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ मात्र ‘सांगितलेले’ असा आहे. जपानी नाव ‘मेतामोन’ रूपांतर सुचवते, इंग्रजी नाव पुनरुक्ती. दुसरे अधिक मार्मिक होय.

डिट्टोचा रंग फिकट जांभळा. क्वचित तो निळा आढळतो. असे दुर्मीळ रंग १९९९ सालच्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’ ह्या खेळांत प्रथम आले. जपानी खेळाडू त्यांस ‘इरो-चिगाइ’, म्हणजे ‘वेगळ्या रंगाचा’, म्हणतात. इंग्रजी ‘शायनी’ ही संज्ञा केवळ लकाकीवर थांबते. परंतु जो प्राणी स्वतःचे रूपच टाकून देतो, त्याच्या रंगाला त्याचा स्वतःचा म्हणावे काय?

ह्या खेळांत रंग ही स्वतंत्र नोंद नव्हती. आक्रमण, बचाव, गती व विशेष शक्ती ह्यांचे ० ते १५ असे गुप्त अंक प्रत्येक प्राण्यास असत. शेवटचे तीन १० असून आक्रमणाचा अंक ठरावीक आठांपैकी एक असला, की रंग पालटे. म्हणजे ८१९२ त एकदा. रंग हा अंकांचा केवळ उच्चार होता. खेळाडूंनी हे मर्म ओळखले. ‘गोल्ड’मधील तांबडा ‘ग्यारडोस’ १९९६ सालच्या पहिल्या खेळांत परत पाठवावयाचा. तेथे असे रंगच नाहीत. अंक मात्र कायम राहतात. ‘मिमिक’ शिकविलेल्या ग्यारडोसने रानातील डिट्टोची रूपांतरविद्या उचलावयाची. मग डिट्टो ग्यारडोस होतो, आणि त्याच उचललेल्या विद्येने पुन्हा एकदा रूप पालटतो. ह्या दुसऱ्या खेपेस त्याचे जपून ठेवलेले मूळ अंक पुसले जाऊन ग्यारडोसचे अंक तेथे बसतात. तो पकडून ‘गोल्ड’मध्ये नेला की निळा! रंग अस्तित्वातच नसलेल्या जगात मिळवलेला हा रंग, आणि तोही दुसऱ्याचा. कर्त्यांच्या एका चुकीतून डिट्टोचे स्वरूप जितके उघड झाले, तितके त्यांच्या कोणत्याही योजनेतून झाले नाही.

‘रुबी’ व ‘सॅफायर’ (२००२) पासून रंगाचा ह्या गुणांशी संबंध तुटला. एक वेगळा अंक व खेळाडूचा ओळखक्रमांक मिळून तो ठरू लागला. व्यवस्था निर्दोष झाली, पण अर्थ पातळ झाला. २०१० मधील ‘झोरोआर्क’ तर केवळ देखावा उभा करतो. आघात बसताच तो विरतो. त्याच्या सोंगाखाली काहीच बदलत नाही, म्हणून ते डिट्टोच्या तुलनेने उथळ वाटते.

भाषेच्या अभ्यासकास कुतूहल वाटावे असा एक नियम २००६ पासून आहे. मातापिता भिन्न भाषांतील खेळांतून आलेले असल्यास संततीला दुर्मीळ रंग लाभण्याचा संभव वाढतो; प्रारंभी ८१९२ त ५, २०१३ पासून ४०९६ त ६. खेळकर्ते जुनिची मासुदा ह्यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. बहुतेक सर्व जातींशी जुळणारा डिट्टो तीत विशेष उपयोगी, म्हणून परभाषेतील डिट्टोला मागणी फार. तो साधा जांभळा असला तरी चालतो. स्वतः डिट्टोला मात्र ही रीत निरुपयोगी आहे. दोन डिट्टोंना संतती होत नाही. निळा डिट्टो रानातच शोधावा लागतो.