बिलाच्या मापातले गाणे

छपाई, ध्वनिमुद्रण, चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांच्यानंतरचे सातवे जनमाध्यम म्हणून मोबाईलची मांडणी टोमी आहोनेन या फिनलंडच्या अभ्यासकाने 2008च्या सुमारास केली, तेव्हा पैसे वसूल करण्याची सोय या माध्यमाच्या पोटातच आहे, हा तिचा एक महत्त्वाचा आधार होता. मासिकाला वर्गणीदार मिळवावे लागतात, चित्रपटाला तिकीटबारी लागते. मोबाईल कंपनीच्या हाती मात्र प्रत्येक ग्राहकाचे खाते आधीपासूनच असते. व्यापाराच्या अंगाने या सोयीची चर्चा पुष्कळ झाली, पण तिने कलेच्या घडणीवर काय परिणाम केला, हा प्रश्न बाजूलाच राहिला. भारतापुरते बोलायचे, तर मोबाईलवरच्या संगीताचे रूप कलावंताने किंवा रसिकाने ठरवले त्याहून अधिक बिल आकारणाऱ्याने ठरवले, असे म्हणावे लागते.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून भारतातील मोबाईल सेवेचा प्रारंभ केला, तेव्हा येणाऱ्या कॉलसाठीही पैसे मोजावे लागत. 2003 मध्ये येणारा कॉल मोफत झाला, दर कोसळले आणि फोन सामान्यांच्या खिशात आला. मात्र बोलण्यातून मिळणारे उत्पन्न आटू लागल्यावर कंपन्यांनी ‘मूल्यवर्धित सेवा’, म्हणजे संभाषणापलीकडच्या जादा शुल्काच्या सुविधा, विकायला काढल्या. त्यांत सर्वांत फोफावली ती कॉलर ट्यून, म्हणजे फोन उचलला जाईपर्यंत घंटीऐवजी कॉल करणाऱ्याला ऐकू येणारे गाणे. तिच्यासाठी महिन्याला साधारण 30 रुपये भरणाऱ्याला ते गाणे स्वतःच्या फोनवर ऐकू येत नसे, आणि ऐकणाऱ्याने ते निवडलेले नसे. त्यामुळे आवडीपेक्षा ओळख मिरवणे हा त्या निवडीचा हेतू झाला. दाराबाहेरच्या पाटीसारखे गाणे नावापुढे लागले.

या पाटीवर मावेल तेवढेच गाणे उरले. उचलण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात मुखडा यायलाच हवा, म्हणून सुरुवातीचा वाद्यमेळ छाटला गेला आणि अंतऱ्याला जागाच राहिली नाही. त्याहून गंभीर हानी नादाची झाली. टेलिफोनची वाहिनी परंपरेने साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्यांचे ध्वनी वाहून नेते, कारण माणसाचे बोलणे कळण्यापुरते तेवढे पुरते. शिवाय मोबाईलवर आवाज आकुंचित करणारी प्रणालीही बोलण्यासाठीच रचलेली होती. परिणामी लावणी लावली, तर ढोलकीची घुमारदार थाप पुसट होई, पार्श्वभूमीची वाद्ये थरथरत येत आणि टिपेचा गळा तेवढा स्पष्ट पोहोचे. खर्जाला या बाजारात गिऱ्हाईक नव्हते.

जपानचे उदाहरण येथे बोलके आहे. एनटीटी डोकोमो या मोबाईल कंपनीने फेब्रुवारी 1999 मध्ये ‘आय-मोड’ ही मोबाईल इंटरनेट सेवा सुरू केली आणि मजकूर पुरवणाऱ्यांचे पैसे आपल्या बिलातून वसूल करून देताना स्वतःसाठी केवळ 9 टक्के कापून घेतले. मजकूर निर्माण करणे त्यामुळे परवडू लागले. पुढे ठरावीक मासिक दरात अमर्याद डेटा मिळू लागल्यावर मोबाईलवर लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचा प्रकारच रुजला. आखूड ओळी आणि मोकळ्या जागा ही या कादंबरीची खूण. तिच्या वाङ्मयीन गुणवत्तेबद्दल जपानी समीक्षकांनी नाके मुरडली, तरी माध्यमाने स्वतःचा साहित्यप्रकार जन्माला घातला, हे नाकारता येत नाही. भारतात वसुलीचा मोठा वाटा कंपनीकडेच राहिला, गीतकार-संगीतकारापर्यंत थेंब पोहोचले, आणि न मागता सेवा सुरू करून पैसे कापल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2013 मध्ये ट्राय या नियामक संस्थेला ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची करावी लागली.

खरी कल्पकता बिल चुकवण्यात दिसली. रिचार्जच्या टपरीवर ‘मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील’ अशी पाटी लागे आणि मेमरी कार्डावर भक्तिगीते, लावण्या, वरातीची गाणी एकगठ्ठा उतरवून दिली जात. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने हा सरळ चोरीचा मामला होता, पण संपूर्ण गाणे ऐकायला मिळे ते तेथेच. मिस्ड कॉलचा, म्हणजे उचलण्याआधीच तोडलेल्या फुकट कॉलचा, उपयोगही असाच. हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडमध्ये चालवलेल्या ‘कान खजुरा टेसन’ या उपक्रमात मिस्ड कॉल दिला की उलट फोन येई आणि गाणी, विनोद व जाहिराती ऐकवल्या जात. विजेचा आणि दूरचित्रवाणीचा भरवसा नसलेल्या गावांत साध्या फोनचा रेडिओ झाला. 2014 मध्ये कान येथील जाहिरात महोत्सवात या उपक्रमाला सुवर्णपदके मिळाली.

5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि कॉलर ट्यून फुकट वाटण्याची वस्तू ठरली. करोनाकाळात तर सरकारने ती जागाच ताब्यात घेतली. खोकल्याच्या आवाजाने सुरू होणारी सूचना देशभर प्रत्येक कॉलआधी वाजली, आणि मे 2021 मध्ये लसीच उपलब्ध नसताना लस घेण्याचा संदेश किती काळ ऐकवणार, असे दिल्ली उच्च न्यायालयाला विचारावे लागले. रेडिओ बंद करता येतो. ही घंटी सहज टाळता येत नव्हती.

आता माप रुपयांचे नसून सेकंदांचे आहे. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली, तरी त्याने घडवलेली सवय इन्स्टाग्रामच्या रील्सकडे सहज गेली. अंगठा थांबावा म्हणून गाण्याची पकड घेणारी ओळ पहिल्या काही क्षणांतच आणण्याची धडपड मराठी निर्मात्यांतही दिसते. एक फरक मात्र मोठा आहे: खानदेशातील अहिराणी गाण्यांना मुंबई-पुण्याच्या कंपन्यांची वाट न पाहता याच पडद्यावर प्रचंड श्रोतृवर्ग मिळाला, आणि हेडफोनमुळे खर्जही परतला. अंतरा अजून परतायचा आहे.