रब्बीच नसलेल्या समाजात रब्बींचा ‘प्रभाव’ : केहिमकरांचा ग्रंथ कसा वाचावा?

सिनॉप्सिस लिहिताना आपण ‘प्रभाव’ हा शब्द फार सहज वापरतो. अमक्याचा तमक्या समाजावर प्रभाव. पण या शब्दात एक गृहीतक लपलेलं असतं : देणारा ज्ञानी, घेणारा रिकामा. पेटची तयारी करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं, म्हणून आज हाईम सॅम्युअल केहिमकर यांचा बेने इस्रायलींचा इतिहास घेतो.

हा इंग्रजी ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला आणि तेल अवीवमध्ये छापला गेला तो थेट १९३७ ला. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या, गावात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ज्यू समाजाचे सण, संस्कार, चालीरीती लेखकाने आतून नोंदवल्या आहेत. हे त्याचं मोठं बळ. आजही या विषयावर काम करायचं तर केहिमकरांना टाळून चालत नाही.

अडचण मांडणीत आहे. समाजाची परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाचा विद्वान आला. त्याने बायकांना मासे रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा हे लोक ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतल्या तिघांना शिकवून तयार केलं. तेच पुढे काजी झाले. केहिमकर हा रहाबी शेकडो वर्षं मागे नेतात; बऱ्याच अभ्यासकांना तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यातला वाटतो.

तारखेचा वाद राहू द्या. कथा पुन्हा वाचा. पुरावा कुठे सापडला? चुलीपाशी. मान कुणाला मिळाला? तीन पुरुषांना. म्हणजे धर्म टिकवणाऱ्या बायका फक्त परीक्षेपुरत्या येतात आणि इतिहास ‘गुरू आला’ इथून सुरू होतो. केहिमकर हा प्रश्न विचारत नाहीत. त्यांना बाहेरच्या ज्यू जगाला आपलं अस्सलपण पटवायचं होतं, हे लक्षात घेतलं की कारण कळतं.

काजी म्हणजे रब्बी नव्हे. हा शब्दसुद्धा आजूबाजूच्या मुसलमानी राजवटीतून आलेला. तो गावोगाव फिरून लग्नं लावायचा, सुंता करायचा, तंटे मिटवायचा. आपल्याकडे तुळजाभवानीची उपासना फक्त तुळजापूरच्या देवळात राहत नाही. गोंधळी ती घरोघरी लग्नकार्यात नेतात. काजीचं काम गोंधळ्यासारखं नाही, पण धर्म पीठावरून नाही तर फिरत्या माणसांमुळेही टिकतो, हे धाराशिवच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

पुढे १७९६ मध्ये मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी पहिलं सिनेगॉग बांधलं. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. त्याच काळात ख्रिस्ती मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं होऊ लागली. आता सांगा, यातला ‘रब्बींचा प्रभाव’ वेगळा कसा काढणार? कोचीनचा शिक्षक, मिशनरी, अनुवादक, कीर्तनकार, सगळेच त्यात आहेत. आणि त्यातून काय घ्यायचं, ते समाजाने स्वतः ठरवलेलं आहे.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करायला सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्यांना पुरावा द्या म्हटलं गेलं. आंदोलनं झाली, १९६४ मध्ये तिथल्या सरकारला या समाजाच्या बाजूने उभं राहावं लागलं, तेव्हा तो निर्देश बदलला. ‘रब्बीने मान्य केलं तरच ज्यू’ ही चौकट रहाबीच्या कथेत गोड वाटते. १९६२ मध्ये तीच लग्नाच्या आड आली.

म्हणून केहिमकर दोनदा वाचा. एकदा माहितीसाठी, आणि एकदा ते कुणाला पटवतायत हे बघण्यासाठी. आणि सिनॉप्सिसमध्ये ‘प्रभाव’ लिहिण्याआधी एवढंच विचारा : घेणाऱ्याकडे आधी काय होतं? त्या प्रश्नाला एक प्रकरण दिलंत, तर प्रबंध आपोआप वेगळा होईल.