दारातला मतदार पडद्यावर येत नाही

खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांचा ‘ॲन इनसिग्निफिकंट मॅन’ हा माहितीपट 2017च्या नोव्हेंबरात थिएटरात लागला, तेव्हा चर्चा झाली ती सेन्सॉर बोर्डाची. मोदी, शीला दीक्षित आणि केजरीवाल यांची ना-हरकत पत्रं आणा, अशी बोर्डाची अट होती. त्या गोंधळात हा सिनेमा म्हणून कसा आहे, हे बोलायचं राहूनच गेलं. मला तो आवडतो. तीनदा पाहिलाय, आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडलोय.

आम आदमी पक्ष स्थापन झाला 2012च्या नोव्हेंबरात. वर्षभरात दिल्लीची निवडणूक आली आणि 70पैकी 28 जागा मिळाल्या. हे वर्ष कॅमेरा पक्षाच्या आत बसून बघतो. बैठका आहेत, उमेदवारीवरून चिडलेले कार्यकर्ते आहेत, शांत आवाजात बोलणारे योगेंद्र यादव आहेत. पण सिनेमाचा जीव आहे सुंदरनगरीची संतोष कोली. वस्तीतच वाढलेली, माहितीच्या अधिकाराचं काम करत पुढे आलेली, सीमापुरीची उमेदवार. ती बायकांशी बोलते तेव्हा प्रचार चाललाय असं वाटतच नाही. 2013च्या ऑगस्टमध्ये, अपघातानंतर, ती गेली. आणि ती गेल्यावर कॅमेरा जवळजवळ पूर्ण केजरीवालांकडे वळतो. मी अडतो ते इथे. सुमारे 400 तासांचं चित्रीकरण होतं म्हणतात. त्यात दारातली किती बोलणी पडून राहिली असतील!

आपल्याकडे तर तेवढंही नाही. ‘सिंहासन’मध्ये मुख्यमंत्री, अर्थमंत्री, पत्रकार, कामगार पुढारी सगळे आहेत. मतदार कुठाय? ‘धुरळा’त गावची निवडणूक आहे, पण खरी लढाई एका घराच्या आत. मराठी राजकीय सिनेमाला बंगला कळतो, सभा कळते. जिना चढून बेल वाजवणारं पोरगं त्याला दिसत नाही.

हे मला इतकं खटकण्याचं कारण स्वारगेटला आहे. 2014च्या लोकसभेला मी तिथे झाडूची पत्रकं वाटत होतो. एसटी स्टँडवर गर्दी भरपूर, पण तिच्यातल्या निम्म्यांचं मत पुण्यात नसतंच. “दादा, माझं मत बार्शीला,” असं म्हणून एका मावशींनी पत्रक घेतलं, त्यावर भेळ ओतली, आणि मग अर्धा तास पाण्याच्या टँकरबद्दल बोलत बसल्या. सातारची गाडी लागली तसे दोघं जण वाद अर्धवट टाकून पळाले. मुकुंदनगरच्या सोसायट्यांत वॉचमनच्या पुढे जाता येत नव्हतं. गुलटेकडीच्या वस्तीत उलट, चहा मिळायचा आणि उलटतपासणीही. “निवडून आलात तर इथे दिसणार का?” हे एक. आणि दुसरं, जे प्रत्येक दारात ऐकलं: “पोरांनो, तुम्ही चांगले आहात हो. पण मत वाया कशाला घालवू?”

याला अज्ञान म्हणणं सोपं आहे, आणि आमच्यातले काही जण म्हणतही होते. मला तसं वाटत नाही. हा माणूस हिशेब करत असतो. त्या वेळी पुण्यात आपचे सुभाष वारे यांना सुमारे 28 हजार मतं पडली, निवडून आलेल्या अनिल शिरोळेंना साडेपाच लाखांहून जास्त. 2012ला पुणे महापालिकेत मनसेचे 29 नगरसेवक होते, 2017ला उरले 2. त्यात 2017ला चार जणांचा प्रभाग, म्हणजे मतदाराने चार बटणं दाबायची. ज्या पक्षाकडे प्रभागात एकच धड उमेदवार आहे, त्याच्या कार्यकर्त्याने बाकीच्या तीन बटणांबद्दल दारात सांगायचं काय? आणि स्वारगेटच्या ज्या चौकात आम्ही उभे होतो त्याला नाव आहे केशवराव जेधे यांचं. काँग्रेस सोडून शंकरराव मोरे यांच्याबरोबर शेतकरी कामगार पक्ष काढणारे, आणि पुढे काँग्रेसमध्येच परत गेलेले. तिसरा पर्याय येतो आणि विरतो, हे पुणेकराला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

म्हणूनच ‘मत वाया’ हा प्रश्न सिनेमात जोरात यायला हवा होता. दिल्लीच्या मतदारालाही तो पडला असणारच, कारण तेव्हा पक्ष जेमतेम एक वर्षाचा होता. तो 28 जागांपर्यंत पोचला म्हणजे हजारो लोकांनी कुठल्यातरी संध्याकाळी, कुणाशी तरी बोलताना आपला हिशेब बदलला. तो बदल होताना दिसणं हीच खरी बातमी होती. सिनेमा मात्र ताण शोधतो स्टिंग ऑपरेशनमध्ये, मतमोजणीत, केजरीवालांच्या चेहऱ्यावर. ते सगळं उत्तम कापलंय, थरारकही आहे. पण निकाल आपल्याला आधीच माहीत असतो. सुंदरनगरीच्या बाईने बटण दाबायच्या आदल्या रात्री काय ठरवलं, ते आजही माहीत नाही.

तरीही बघा. संतोष कोलीसाठी बघा. ती समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेते, मध्ये पक्षाचं नाव घुसवत नाही, आणि कॅमेरा तेव्हा तिच्यावर नसतो, समोरच्या बाईवर असतो.