९७ टक्के जुळले म्हणजे एकच प्रजाती?

आज आपण एका आकड्याची झडती घेणार आहोत. मातीतले, पाण्यातले किंवा पोटातले जिवाणू मोजण्यासाठी बरीच वर्षं एक पद्धत सर्रास वापरली गेली. नमुन्यातला डीएनए काढायचा, त्यातल्या १६-एस या जनुकाची अक्षरं वाचायची आणि ज्यांची अक्षरं निदान ९७ टक्के जुळतात त्यांचा एक गट करायचा. या गटाला ओटीयू म्हणतात. मग अहवालात वाक्य येतं, ‘इथे जिवाणूंच्या इतक्या प्रजाती सापडल्या.’ आमचा आक्षेप गट करण्याला नाही, या शेवटच्या वाक्याला आहे.

९७ आला कुठून? १९८७ साली जिवाणूशास्त्रज्ञांच्या एका समितीने ठरवलं, की दोन जिवाणूंचा संपूर्ण डीएनए एकमेकांशी साधारण ७० टक्के किंवा अधिक जुळला तर ती एक प्रजाती. ही चाचणी किचकट होती. १९९४ मध्ये स्टॅकेब्रांट आणि गोबेल यांनी दाखवलं, की १६-एस ९७ टक्क्यांपेक्षा कमी जुळत असेल, तर संपूर्ण डीएनए ७० टक्के जुळण्याची शक्यता फारशी उरत नाही. तेव्हा प्रजाती वेगळ्या माना, चाचणीचे कष्ट वाचवा. आणि ९७च्या वर? तिथे चाचणी करावीच लागेल.

म्हणजे नियम एकाच दिशेचा होता. पिनकोड वेगळा असेल तर घर वेगळं, हे बरोबर. पण पिनकोड एक म्हणून घरही एक, असं कोण म्हणेल? आपण नेमकं तेच म्हणत आलो.

कापूस पिकवणाऱ्याला ‘बीटी’ समजावून सांगायला नको. ज्या जिवाणूचं जनुक त्या कापसात घातलं, तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचा भाऊबंद बॅसिलस सेरियस. शिळ्या भातातून उलट्या होतात त्या याच्यामुळे. तिसरा बॅसिलस अँथ्रॅसिस, जनावरांना काळपुळी आणणारा. तिघांचं १६-एस ९९ टक्क्यांहून अधिक सारखं, म्हणून तिघे एकाच ओटीयूत! त्यांची ओळख ठरवणाऱ्या विषांची जनुकं बहुतांशी प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यांवर असतात. १६-एसला ती दिसतच नाहीत. तिघांना एकच प्रजाती मानावं, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. म्हणोत. पण तो वाद सगळा जीनोम समोर ठेवून व्हायला हवा.

आता गणिताची गंमत बघा. क आणि ख ९८ टक्के जुळतात, ख आणि ग ९८ टक्के, पण क आणि ग ९६च. मग ख कुणाच्या गटात? ते सॉफ्टवेअरच्या रीतीवर ठरतं, कधी कधी तर यादीतल्या क्रमावरही. शिवाय पूर्ण जनुक सुमारे १५०० अक्षरांचं, त्याचे ३ टक्के म्हणजे ४५ अक्षरं. अनेक अभ्यासांत वाचला जातो तो अडीचशेच्या आसपास अक्षरांचा तुकडा. तिथे ३ टक्के म्हणजे सात-आठ. टक्का तोच, कसोटी वेगळी.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. वाचनात यंत्राच्या चुका होतात, त्या गटात विरून जातात. बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत सहजी वाढत नाहीत, मग मोजायचं कसं? म्हणून सोयीचा गट हवाच. पुढे खुद्द स्टॅकेब्रांट यांनीच २००६ मध्ये एबर्स यांच्यासह ही रेषा ९८.७ ते ९९ टक्क्यांवर नेण्याचं सुचवलं. आता तर एका अक्षराचा फरकही वेगळा मोजतात. पण ई. कोलायच्या एकाच पेशीत १६-एसच्या सात प्रती असतात, आणि त्या तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. म्हणजे तिथे एकाचे दोन मोजले जाऊ शकतात.

तेव्हा उद्या कुणी सांगितलं, की आमच्या खताने मातीतल्या जिवाणूंच्या प्रजाती वाढल्या, तर आपण तीन प्रश्न विचारायचे. जनुकाचा कोणता भाग वाचला? रेषा किती टक्क्यांवर ओढली? आणि वाढल्या त्या प्रजाती, की गट? उत्तर ‘गट’ असेल, तर अहवालातही ‘गट’ असंच लिहा, एवढंच आमचं म्हणणं आहे.