श्रवण आणि अनुसरण : पंडिता रमाबाईंच्या बायबल-वाचनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीतील 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानावर आलेला शब्द ग्रहण करणे हा एक आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. 'मुलगा ऐकत नाही' अशी तक्रार आई करते तेव्हा तिचा रोख मुलाच्या कानांकडे नसतो. हिब्रू भाषेतील 'शामा' या धातूतही हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यामुळे बायबलच्या जुन्या करारात देवाची वाणी ऐकणे आणि तिच्याप्रमाणे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

ख्रिस्ती साधनेत नित्य बायबल-वाचनाला जे महत्त्व आहे, त्याच्या मुळाशी ऐकण्याची हीच कल्पना आहे. श्रद्धावान वाचक रोज एखादा उतारा वाचतो, त्यावर मनन करतो, प्रार्थना करतो आणि आपल्या वागणुकीसाठी देवाचे मार्गदर्शन मिळावे अशी अपेक्षा बाळगतो. या साधनेत एक धोका संभवतो. पोथी उघडून जी ओळ समोर येईल तिलाच आज्ञा मानले, की वाचनाचे रूपांतर कौल लावण्यात होते. मनात अगोदरच ठरलेल्या गोष्टीला ग्रंथाचा आधार शोधला, तर वाचकाला स्वतःच्याच इच्छेचा प्रतिध्वनी ऐकू येतो. मग खरे श्रवण ओळखावे कसे? पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बायबल-वाचनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी रमाबाईंचे १९०७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेले 'अ टेस्टिमनी' हे आत्मनिवेदन, १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रकाशित झालेला त्यांचा पत्रव्यवहार आणि त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर ही साधने विचारात घेतली आहेत.

अर्थावाचून श्रवण

रमाबाईंचे बालपण धर्मग्रंथांच्या वाचनात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ते रमाबाईंना शिकविले. तीर्थक्षेत्री पुराण सांगून हे कुटुंब उदरनिर्वाह करीत असे. आत्मनिवेदनात या वाचनाचे वर्णन येते. पुराणिक संस्कृत श्लोक मोठ्याने म्हणत आणि श्रोत्यांना त्यांचा अर्थ समजला नाही तरी श्रवणाचे पुण्य मिळते अशी समजूत असे. पुढे १८७० च्या दशकातील दुष्काळात व्रते, उपवास, जप आणि दानधर्म करूनही वडील, आई आणि थोरली बहीण यांचा अंत रमाबाईंना पाहावा लागला.

१८७८ मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या उपाध्या मिळाल्यानंतर त्यांच्या वाचनाला वेगळे वळण लागले. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्रांचा अभ्यास केला. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिला आणि तो वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीने वेद वाचू नये असे त्यांना तोवर शिकविले गेले होते. या अभ्यासातून त्या एका निष्कर्षाप्रत आल्या. अनेक बाबतींत परस्परविरोधी असलेली शास्त्रे स्त्रीला हीन लेखण्याच्या बाबतीत एकमताने बोलतात, असे त्यांचे मत बनले. येथे लक्षात घेण्याजोगे हे, की त्यांची पूर्वश्रद्धा ढळली ती वाचनाच्या अभावामुळे नव्हे. अर्थ समजून वाचू लागल्यानंतर ती ढळली. रमाबाईंच्या पुढील सर्व धर्मचिंतनात 'अर्थ कळल्यावाचून श्रवण नाही' ही भूमिका कायम राहिली.

न कळलेला ग्रंथ

याच भूमिकेमुळे बायबलशी झालेला त्यांचा पहिला परिचय निष्फळ ठरला. कलकत्त्यात त्यांना संस्कृत बायबलची प्रत भेट मिळाली होती. संस्कृतात पारंगत असूनही तो ग्रंथ त्यांना परका वाटला. त्याची भाषा परिचित संस्कृत वाङ्मयापेक्षा निराळी होती आणि शिकवणही अनोळखी होती. तो वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे त्यांना वाटले, तरी त्यांनी ती प्रत जवळ ठेवली. विवाहानंतर सिल्चर येथे लूकचे शुभवर्तमान बंगालीत वाचावयास मिळाले तेव्हा त्यांच्या मनात प्रथम ओढ निर्माण झाली.

निर्णायक प्रसंग १८८३ मध्ये इंग्लंडात घडला. वाँटेजच्या अँग्लिकन भगिनीसंघाच्या फुलहॅम येथील आश्रमात समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांची सेवा चाललेली त्यांनी पाहिली. या सेवेचे कारण त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर पाणी भरावयास आलेल्या, लोकांनी दूर ठेवलेल्या स्त्रीशी येशू बोलतो ती ही कथा. रमाबाईंना त्या दिवशी जे ऐकू आले त्यात ग्रंथाचा शब्द आणि डोळ्यांसमोर चाललेले कार्य यांचा समान वाटा होता. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही. बुद्धीला पटलेला अर्थ आणि जीवनाला वळण देणारी वाणी यांतील अंतराची ही प्रांजळ कबुली आहे. नित्य वाचनाचे प्रयोजन या अंतरातच शोधावे लागते.

अधिकाराचा प्रश्न

देवाची वाणी ग्रंथातून ऐकावयाची, तर तिचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा? सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. नवदीक्षित स्त्रीने चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारावी ही जेराल्डीन यांची अपेक्षा होती. त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाईंनी शंका घेतल्या. भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर बिशपांची प्रत्येक आज्ञा ईश्वराची म्हणून मानण्यास त्यांनी नकार दिला. क्रुसावरील लॅटिन शब्दांऐवजी त्यांनी संस्कृतचा आग्रह धरला. तो धरताना संस्कृत पवित्र आहे असा त्यांचा दावा नव्हता. ती आपल्या मातृभूमीची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कोणतीही भाषा देवाला अधिक जवळची नाही हा विचार त्यात अनुस्यूत आहे.

रमाबाईंची ही भूमिका आज वाचकाला सहज पटते. परंतु तिची खरी कसोटी त्या स्वतः अधिकारपदावर आल्या तेव्हा लागली. मार्च १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले आणि पुढे पुण्यात आलेले शारदा सदन धार्मिक बाबतीत तटस्थ राहील असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. त्यावरून उठलेल्या वादात १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. स्वतःच्या प्रार्थनेसाठी दार लावून घेण्याचे बंधन कोणी आपल्यावर घालू नये, हे रमाबाईंचे म्हणणे व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने योग्यच होते. तथापि निराधार विधवांना आश्रय देणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाची प्रार्थना केवळ खाजगी राहत नाही. ज्यांचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण तिच्यावर अवलंबून आहे त्यांना उघडे दार हे निमंत्रण वाटणे स्वाभाविक असते. जेराल्डीन यांच्यापुढे रमाबाईंनी जो प्रश्न मांडला, तोच प्रश्न येथे त्यांच्या बाबतीत उभा राहतो. याचे समाधानकारक उत्तर आत्मनिवेदनात मिळत नाही.

स्मृती आणि मार्गदर्शन

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन अनाथ मुलींना आणावे, अशी देवाची आज्ञा असल्याचे रमाबाईंना जाणवले. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या आणि त्यांतून केडगाव येथील मुक्ति मिशनचा विस्तार झाला. या निर्णयामागे स्वतःच्या कुटुंबाने सोसलेल्या दुष्काळाची आठवण होती, हे त्यांनी लपविलेले नाही. यावर एखादा चिकित्सक म्हणेल, की ही देवाची वाणी नसून स्मृतीची हाक आहे. परंतु हा आक्षेप श्रवणाचे स्वरूप संकुचित करतो. वाचक कोऱ्या मनाने ग्रंथाजवळ जात नाही. आपले दुःख घेऊनच जातो. ते दुःख ग्रंथापुढे ठेवल्यावर तो त्यातच गुंतून राहतो, की दुसऱ्याच्या दुःखाकडे वळतो, हे पाहणे महत्त्वाचे आहे. रमाबाईंची स्मृती तीनशे जणींच्या अन्नात आणि अक्षरओळखीत परिणत झाली. हा मार्ग त्यांच्या सोयीचा नव्हता आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. ऐकण्याचा दुसरा अर्थ, अनुसरणाचा, येथे पूर्ण होतो.

भाषांतर : श्रवणाचा विस्तार

१९०५ मध्ये मुक्ति मिशनमध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची मोठी लाट आली. सामूहिक प्रार्थना, अश्रू आणि आक्रोश यांमुळे तिची चर्चा दूरवर झाली. याच सुमारास रमाबाईंनी हाती घेतलेले दुसरे काम मात्र शांतपणे चालले होते. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा आत्मसात करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे हे काम त्यांनी अखेरपर्यंत केले. छपाई मुक्ति मिशनच्याच छापखान्यात झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि १९२४ मध्ये हे भाषांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना कळत नाही, तसेच तिच्यातील काही शब्द हिंदू धर्मविचारांचा अर्थ सोबत आणतात, असा त्यांचा आक्षेप होता. पहिला आक्षेप बालपणीच्या अनुभवाशी सुसंगत आहे. अर्थावाचून श्रवणाची जी परंपरा त्यांनी सोडली, ती ख्रिस्ती रूपात पुन्हा निर्माण होऊ नये ही त्यांची तळमळ होती. दुसरा आक्षेप विवाद्य आहे. परंपरेने दिलेले शब्द टाळल्यास त्यांच्याभोवतीचे भक्तीचे संस्कारही हरपतात. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी नेमका उलट मार्ग धरला. तुकोबांच्या अभंगाचा ऋणनिर्देश करीत त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंग आणि ओवी यांचे रूप दिले. मराठी ख्रिस्ती समाजाच्या ओठांवर टिळकांची पदे राहिली. तसा प्रसार रमाबाईंच्या भाषांतराला लाभला नाही. भाषेतून परंपरा गाळून टाकणे आणि भाषा सोपी करणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

निष्कर्ष

रमाबाईंच्या उदाहरणावरून नित्य बायबल-वाचनातील श्रवणाची काही लक्षणे सांगता येतात. ते अर्थबोधावर आधारलेले असते, वाचकाच्या सोयीविरुद्धही त्याला चालावयास लावते आणि त्याची दिशा दुसऱ्याच्या दुःखाकडे असते. एवढ्यावर मात्र ते निर्दोष ठरत नाही. १८९३ चा प्रसंग दाखवितो, की प्रामाणिक श्रवणही दुर्बलांच्या बाबतीत अधिकाराचे रूप घेऊ शकते. या दृष्टीने त्यांच्या भाषांतराचे मोल भाषिक गुणदोषांपलीकडचे आहे. जिच्या हाती स्वतःला वाचता येईल असा ग्रंथ आहे, ती स्त्री आपल्या आश्रयदात्रीपेक्षा वेगळा अर्थही ऐकू शकते. रमाबाईंनी तसे म्हटलेले नाही. तरीही शारदा सदनाच्या उघड्या दाराने निर्माण केलेल्या प्रश्नाचे जे उत्तर त्यांच्या आत्मनिवेदनात मिळत नाही, त्याच्या सर्वांत जवळ जाणारी कृती हे भाषांतरच आहे.