तलपियोटची कबर: सहा नावं आणि एक आकडा

जेरुसलेमच्या पूर्व तलपियोट वस्तीत मार्च १९८० मध्ये इमारतींचं बांधकाम चालू असताना खडकात खोदलेली एक जुनी कबर उघडी पडली. योसेफ गात यांनी तिथे घाईचं उत्खनन केलं. आत दहा अस्थिपेट्या मिळाल्या. मृतदेह आधी कबरीत ठेवायचा, साधारण वर्षभरानं उरलेली हाडं चुनखडीच्या छोट्या पेटीत गोळा करायची, अशी पहिल्या शतकातल्या तिथल्या ज्यू कुटुंबांची रीत होती. दहांपैकी सहा पेट्यांवर नावं आहेत: येशुआ बर येहोसेफ, म्हणजे योसेफाचा मुलगा येशू, मार्या, योसे, मत्या, येहुदा बर येशुआ, म्हणजे येशूचा मुलगा यहुदा, आणि ग्रीक अक्षरांत मरियामेने मारा.

उत्खननाचा अहवाल आमोस क्लोनर यांनी १९९६ मध्ये छापला. त्यांच्या लेखी ही त्या काळातल्या कुठल्याही कुटुंबाची कबर होती. मग २००७ मध्ये सिम्खा जेकोबोविची यांचा माहितीपट आला, निर्मात्यांत जेम्स कॅमेरॉन. दावा सरळ होता: ही नाझरेथच्या येशूच्या कुटुंबाची कबर, मरियामेने म्हणजे मरिया माग्दालिया, आणि यहुदा त्यांचा मुलगा.

यावर दोन प्रतिक्रिया लगेच आल्या. पुनरुत्थान झालं, तेव्हा हाडं असणारच नाहीत, असं काही म्हणाले. चर्चची कशी जिरली, म्हणून काही खूष झाले. आपल्याला या दोन्हींचा उपयोग नाही. श्रद्धा खरी की खोटी हे बाजूला ठेवूनही, हा दावा पुराव्याच्या कसोटीला उतरतो का, एवढंच आपण बघतोय.

आधी नावं. समजा, एखाद्या जुन्या दप्तरात एकाच घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता अशी नावं सापडली. आपण लगेच आळंदी गाठू का? उलट म्हणू, घर वारकऱ्यांचं दिसतंय. जेरुसलेममध्ये कारण वेगळं होतं, तिथे ही नावं येशूवरून ठेवलेली नाहीत. बायबलमधली आणि हॅस्मोनियन राजघराण्यातली मोजकी नावंच पिढ्यानपिढ्या फिरत होती. परिणाम मात्र तोच. योसेफ, यहुदा, येशुआ, मत्तय ही सगळी त्या काळच्या पुरुषांच्या पहिल्या दहा नावांत बसतात, आणि बायकांत मरिया पहिली, साधारण पाचांत एक. एवढंच कशाला, ‘येशुआ बर येहोसेफ’ अशी अक्षरं असलेली दुसरी एक पेटी एलियाझर सुकेनिक यांनी १९३१ मध्येच प्रसिद्ध केली होती. शिवाय तलपियोटच्या पेटीवरचं ‘येशुआ’ इतकं गिचमिड कोरलंय की रहमानी यांनी १९९४ च्या सूचीत त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

माहितीपटाचं उत्तर असं की नावं सुटी सुटी सामान्य असतील, एकत्र येणं दुर्मिळ. हा मुद्दा चांगला आहे, झटकून टाकण्याजोगा नाही. इथेच आंद्रे फॉयरफर्गर या संख्याशास्त्रज्ञाचा आकडा आला, सहाशेला एक. लोकांनी आकडाच लक्षात ठेवला. पण गणित कशावर उभं आहे? मरियामेने हे माग्दालियेला सर्वांत चपखल बसणारं नाव, हे आधीच धरून. तो धागा कुठला, तर ‘फिलिपची कृत्ये’ या चौथ्या शतकाच्या आसपासच्या ग्रंथातला. स्टीफन फान यांनी तर तीच अक्षरं ‘मरियामे आणि मारा’ अशी वाचली, म्हणजे पेटीत दोन बायका. हे वाचन धरलं तर गणिताचा खांबच निखळतो. आणि जो मत्या ओळखीच्या कुटुंबात कुठेच बसत नाही, त्याचं ओझं या गणितात दाव्यावर पडतच नाही. आकडा इतिहासकारांनी दिलेल्या गृहीतकांवर अवलंबून आहे, हे फॉयरफर्गर यांनी स्वतःच स्पष्ट केलं. पडद्यावर ही अट पुसट झाली, हा आमचा त्या माहितीपटावरचा मुख्य आक्षेप.

डीएनएचं तर बोलायलाच नको. हाडं केव्हाच धार्मिक रीतीनं पुरायला दिलेली. तपासले गेले ते फक्त येशुआ आणि मरियामेने या दोन पेट्यांतले अवशेष. आईकडून नातं नाही, एवढं निघालं. म्हणून नवरा-बायको! अहो, क्लोनर यांच्या अंदाजानं त्या कबरीत सुमारे ३५ माणसं होती. ती योसेची बायको असेल, मत्याची सून असेल, येशुआची सावत्र बहीण असेल.

डीएनए कधी काम करतो, हे बघायला आपल्या शेजारी गोव्यात जाऊ. १६२४ मध्ये इराणात मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मठात ठेवल्याचं पोर्तुगीज कागदांत होतं, मठातल्या नेमक्या जागेसकट. भारतीय पुरातत्त्व खात्याला तिथे हाड मिळालं. त्यात आईकडून येणारा जो वंशगट निघाला, तो जॉर्जियाच्या नमुन्यांत आढळतो, भारतीय नमुन्यांत नाही. यानंसुद्धा ‘हीच केतेवान’ असं सिद्ध होत नाही. पण इथे कागदानं आधी जागा दाखवली, मग हाडाची परीक्षा झाली. तलपियोटमध्ये जागा दाखवणारा कागदच नाही. जोडी मॅग्नेस म्हणतात, अशी खोदीव कबर पैसेवाल्यांची, आणि गालीलहून आलेल्या कुटुंबाच्या पेट्यांवर गावाचा उल्लेख अपेक्षित होता. तो नाही.

‘याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ’ अशी अक्षरं असलेली एक पेटी २००२ मध्ये पुढे आली होती. ती याच कबरीतली हरवलेली दहावी पेटी, अशी पुस्ती नंतर जोडली गेली. पण क्लोनर यांच्या नोंदीत दहावी पेटी कोरी आहे. इस्राएलच्या पुरातत्त्व विभागानं २००३ मध्ये याकोबाच्या पेटीवरचा लेख बनावट ठरवला, आणि मालक ओदेद गोलान यांच्यावर खटला चालला. त्यात बचावासाठी पेटीचा एक फोटो सादर झाला, १९७० च्या दशकातला म्हणून. तो खरा मानला, तर १९८० मध्ये उघडलेल्या कबरीतून ती पेटी आली कशी? २०१२ मध्ये बनावटगिरीच्या आरोपातून गोलान सुटले. लेख अस्सल आहे असं यातून ठरत नाही, हे न्यायाधीशांनीच सांगितलं. ती पेटी बाजारातून आली. कुठल्या गुहेत, कोणाच्या पेटीशेजारी, कुठल्या थरात ती होती, याची एक ओळही कुणी लिहून ठेवलेली नाही. तलपियोटच्या कबरीची निदान तेवढी नोंद तरी आहे.